दहा पौंडांची ट्राम



१९४८ साली १ जूनला पुणे-अहमदनगर रस्त्यावर आपली पहिली एस.टी. धावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन या बंदराच्या शहरात काही हौशी मंडळींनी वर्गणी काढून एक जुनी ट्राम विकत घेतली. किंमत १० पौंड, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे १३३ रुपये. आज त्या ट्रामची आणि तिला जपणाऱ्या माणसांची गोष्ट सांगते.

ट्राम म्हणजे रस्त्यातच बसवलेल्या रुळांवरून, वरच्या तारेतल्या विजेवर चालणारी गाडी. या गाडीचा नंबर ४५, बांधणी १९०३ सालची. वरचा मजला उघडा, आणि तिथे पाठीला पाठ लावून बसायची बाकं. साउदॅम्प्टनमध्ये बारगेट नावाची जुनी वेस आहे. तिच्या कमानीखालून जाता यावं म्हणून तिथल्या ट्राम मुद्दाम बुटक्या बांधलेल्या असत.

त्या काळात ब्रिटनमधली शहरं एकेक करून ट्राम बंद करत होती. लंडनची शेवटची ट्राम १९५२ साली गेली, शेफील्डची १९६० साली, ग्लासगोची १९६२ साली. बस आल्या आणि ट्राम भंगारात निघाल्या. राजाची बग्गी जपायला कुणी ना कुणी असतंच. पण कारखान्यात जाणारा कामगार आणि बाजाराला निघालेली बाई ज्या गाडीत रोज बसली, ती गाडी जपावी असं सहसा कुणाला वाटत नाही. या मंडळींना ते वाटलं.

पैसे जमवून वस्तू घेणं एका दिवसात होतं. खरा प्रश्न त्यानंतर आला. एवढी मोठी गाडी ठेवायची कुठे? पुढची दहा-बारा वर्षं ती परक्या जागांवरच होती. १९५५ साली या लोकांनी ट्राम संग्रहालयासाठी रीतसर संस्था काढली. १९५९ साली डर्बीशायर परगण्यातल्या क्रिच गावाजवळ दगडाच्या खाणीतली जागा भाड्याने मिळाली. रेल्वेचे जनक म्हणून ओळखले जाणारे जॉर्ज स्टीफन्सन यांनी १८४० च्या दशकात चुनखडी वाहायला तिथे छोटी रेल्वे घातली होती. तिचे रूळ काढायला वेल्समधल्या टालिथलिन रेल्वेचे स्वयंसेवक आले होते. ही रेल्वे १९५१ पासून स्वयंसेवकच चालवत होते. त्यांच्यामुळे ट्रामवाल्यांना जागेचा पत्ता लागला. एका गटाचा दुसऱ्या गटाला असा उपयोग होतो.

मग सुट्टीच्या दिवशी माणसं येऊ लागली. शहरांच्या रस्त्यांतून उखडलेले रूळ आणून त्यांनी ते खाणीत बसवले. शेड बांधली, खांब रोवले, तारा ओढल्या. १९६३ साली तिथे पहिली ट्राम धावली, ती घोड्याने ओढलेली. १९६४ साली विजेच्या ट्राम सुरू झाल्या.

१९६४ हे साल आपल्याकडेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ साली आली, विजेची १९०७ साली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली आणि रूळ डांबराखाली गाडले गेले. एकीकडे ट्राम संपली, त्याच वर्षी दुसरीकडे हौशी माणसांनी ती पुन्हा सुरू केली.

आता कामाचं सांगते. ट्रामचा सांगाडा लाकडी असतो. वरून रंग चकचकीत दिसतो, पण फळी काढली की आत पाणी मुरून लाकूड कुजलेलं निघतं. तेवढाच तुकडा कापून नवा सांधावा लागतो. रंगाचे हात एकावर एक चढतात, प्रत्येक हातानंतर घासकाम असतं. मोटारीतल्या तारांची वेटोळी जळली असतील तर नव्याने गुंडाळावी लागतात. चाकावरचं पोलादी कडं झिजलं की नवं कडं तापवून फुगवतात, चाकावर चढवतात आणि गार होऊ देतात. ते आकसून घट्ट बसतं. बैलगाडीच्या चाकाला धाव बसवताना आपला लोहार हेच करतो.

सुरुवातीला सगळं काम स्वयंसेवकच करत. पुढे कार्यशाळेत पगारी कारागीर आले, कारण काही कामं फक्त हौसेवर होत नाहीत. ट्राम चालवणं, तिकिटं देणं, रूळ सांभाळणं अशा कामांना मात्र आजही स्वयंसेवक लागतात. त्यांनाही आधी शिकावं लागतं. कारण गाडी जुनी असली तरी तिच्यात बसलेली माणसं आजची असतात, आणि ब्रेक वेळेवर लागलाच पाहिजे.

खरी काळजी लोखंडाची नाही, हातातल्या विद्येची आहे. नवं लाकूड विकत मिळतं. पण गाडीच्या आवाजावरून बिघाड ओळखणारा माणूस म्हातारा झाला आणि त्याने कुणाला शिकवलं नाही, तर ती विद्या कुठल्याच दुकानात मिळत नाही.

यात आपल्या बायकांचाही इतिहास आहे. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा १९१५ साली ग्लासगोच्या ट्रामवर बायका कंडक्टर म्हणून घेतल्या गेल्या. लढाई संपली आणि त्या कामावर पुन्हा पुरुष आले. त्या बायका कुठे उभ्या राहायच्या, घंटेची दोरी किती उंचावर होती, वरच्या मजल्याचा जिना किती अरुंद होता, हे फोटोत नीट कळत नाही. गाडीत चढल्यावरच कळतं.

बचत गटात आपण पाहतो, पहिल्या महिन्याची वर्गणी उत्साहात जमते. गट टिकतो तो पाळीने, हिशोबाने आणि नव्या बाईला काम शिकवण्याने. क्रिचलाही तेच झालं. आज तिथे साठाहून अधिक ट्राम आहेत आणि दीड किलोमीटरच्या आसपास रूळ आहेत. दाराशी पाहुण्याच्या हातावर एक जुनी पेनी ठेवतात. ती कंडक्टरला द्यायची, तिकीट घ्यायचं आणि दिवसभर हवं तेवढं फिरायचं.

आणि ती दहा पौंडांची ४५ नंबरची ट्राम? तीही तिथेच आहे.