ॲव्हरेज किती देते?

सुट्टीवर गावी गेलो की फौजी माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "सध्या पोस्टिंग कुठे?" आणि दुसरा, दारातल्या गाडीकडे बघून, "ॲव्हरेज किती देते?" पहिल्याचं उत्तर आम्ही जरा गोल-गोल देतो. दुसऱ्याचं खरं उत्तर मात्र आपल्याकडे फारसं कुणालाच ठाऊक नसतं. कंपनीच्या कागदावरचा आकडा असतो रोलरवर चाकं फिरवून, ठरावीक वेगात, ठरावीक तापमानात काढलेला. पुण्याच्या वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय ही संस्था आहे, तिथे अशा चाचण्या होतात आणि त्या चोख असतात. सगळ्या गाड्या एकाच फुटपट्टीने मोजायच्या तर तशीच चाचणी हवी. पण त्या रोलरवर वाळू नसते, चढ नसतो, छतावरचं सामान नसतं आणि परत यायची चिंताही नसते.

फौजेत याच आकड्याला आम्ही 'केपीएल' म्हणतो, किलोमीटर पर लिटर. प्रत्येक गाडीची कार डायरी असते. किती धावली, किती तेल घेतलं, सगळं त्यात चढतं. राजस्थानातल्या पोस्टिंगमध्ये माझा अनुभव असा, की जी जिप्सी डांबरी रस्त्यावर दहाच्या आसपास द्यायची, तीच टिब्ब्यांमध्ये, म्हणजे वाळूच्या टेकड्यांमध्ये, सहाच्या खाली यायची. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, पेट्रोलही तेच. बदलली ती फक्त जमीन.

कारण साधं आहे. वाळूत चाक रुततं आणि स्वतःपुढे एक छोटा चढ तयार करतं. गाडी सपाटीवर दिसली तरी चाक सतत तो चढ चढत असतं. त्यात खालचा गिअर लागतो, इंजिनाचे फेरे वाढतात, अंतर मात्र तेवढंच. टायरमधली हवा कमी केली की टायर पसरतो, रुतणं कमी होतं आणि वाळूत तेल वाचतं. पण तीच कमी हवा घेऊन पक्क्या रस्त्यावर आलात तर टायर तापतो आणि जास्त तेल खातो. वजन वाढलं की रुतणं वाढतं. आणि वाळवंटात वजन म्हणजे बऱ्याच अंशी पाणी आणि तेलच. म्हणजे लांब जायचं म्हणून जास्त तेल घ्या, आणि ते तेल वाहायलाच आणखी तेल जाळा!

या हिशेबावर एका लष्करी तुकडीचं यशापयश अवलंबून होतं. ती गोष्ट इजिप्त-लिबियाच्या वाळवंटातली.

जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली. कैरोमध्ये जनरल वेव्हेलकडे सैन्य तुटपुंजं होतं आणि लिबियाच्या आत काय चाललंय याची खबर नव्हती. तेव्हा राल्फ बॅग्नॉल्ड नावाचा सिग्नल्सचा मेजर पुढे आला. या गृहस्थांनी आधीची कित्येक वर्षं सुट्ट्या आणि पदरचे पैसे खर्चून फोर्डच्या साध्या मोटारींतून लिबियाचं वाळवंट पालथं घातलं होतं. रेडिएटरमधून वाफ होऊन जाणारं पाणी नळीने एका डब्यात परत जमवायची युक्ती त्यांची. सावलीवर चालणारं सूर्य-होकायंत्रही त्यांनीच घडवलं. पहिल्या महायुद्धात खंदकांवर छप्पर म्हणून वापरलेल्या लोखंडी पट्ट्या रुतलेल्या चाकाखाली घालायची सवयही त्या मोहिमांतली. वेव्हेलनी परवानगी दिली आणि काही आठवड्यांत लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा राहिला. पहिले जवान बहुतेक न्यूझीलंडचे, त्यांत शेतकरी बरेच. यंत्राशी मैत्री असलेले आणि वस्तू जपून वापरणारे लोक.

आता गाडी कोणती घ्यायची? आज कुणालाही विचारा, उत्तर येईल 'फोर बाय फोर'. बॅग्नॉल्डनी निवडले ते शेव्हरलेटचे तीस हंड्रेडवेटचे, म्हणजे साधारण दीड टन माल वाहणारे उघडे ट्रक, आणि तेही फक्त मागच्या दोन चाकांना ओढ असलेले. दारं काढली, काचा काढल्या, छत काढलं. रुंद टायर बसवले, पाटे मजबूत केले. चारचाकी ओढ नको, कारण तिच्यासोबत जास्तीचा गिअरबॉक्स, पुढचा धुरा, त्यांचं वजन आणि त्यांची तेलाची भूक येते. रुतलो तर खाली उतरून ढकलू, पट्ट्या टाकू. पण हजार मैलांवर तेल संपलं तर ढकलून उपयोग नाही, हा त्यामागचा विचार.

मार्च १९४१ पासून या ट्रकांच्या जागी फोर्डचे एफ-३० आले. चारचाकी ओढ, ताकद भरपूर, कागदावर सरस. पण वजनदार. वाळवंटात गेल्यावर कळलं की हे ट्रक शेव्हरलेटच्या जवळजवळ दुप्पट पेट्रोल पितात.

'दुप्पट' म्हणजे काय, ते कागदावर मांडून बघू. समजायला सोपे जावेत म्हणून गाडीच्या सरासरीचे आकडे मी धरून चालतो. गस्तीला न थांबता अकराशे मैल, म्हणजे साधारण १८०० किलोमीटर जायचं आहे. ट्रक लिटरला साडेतीन किलोमीटर देत असेल तर ५१५ लिटर पेट्रोल लागेल, वजन साधारण ३८० किलो. दीड टनाच्या ट्रकमध्ये पाणी, रसद, मशिनगन, दारूगोळा आणि माणसांसाठी अकराशे किलोंवर जागा उरते. सरासरी निम्म्यावर आली तर पेट्रोल १०३० लिटर, वजन ७६० किलो. अर्धा ट्रक नुसत्या पेट्रोलने भरला! मग एकतर पाणी कमी करा, नाहीतर दारूगोळा, नाहीतर अंतर. व्यवहारात अंतरच कमी झालं, गस्तीचा पल्ला आखडला. शेवटी खास या तुकडीसाठी कॅनडाहून २०० नवे शेव्हरलेट मागवले गेले, पुन्हा दोन चाकी ओढीचेच, आणि मार्च १९४२ पासून फोर्ड हळूहळू बाजूला झाले. दुसऱ्या महायुद्धात 'कमी' ताकदीची गाडी मुद्दाम परत मागवल्याची अशी उदाहरणं थोडीच.

त्याच सुमारास, मार्च ते जुलै १९४२, या गस्तींनी शत्रूच्या शेकडो मैल मागे, त्रिपोली-बेनगाझी रस्त्यालगत लपून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक वाहनाची रात्रंदिवस मोजदाद केली. रोमेलकडे किती रणगाडे आणि किती ट्रक चाललेत, हे कैरोला त्यातून समजत होतं. एक गस्त परतायच्या आत दुसरी तिथे पोचायलाच हवी. पल्ला आखूड असता तर ही साखळी टिकली नसती.

पण गाडी पिते तेवढाच खर्च धरला तर हिशेब चुकतो. वाटेत सांडतं त्याचं काय? ब्रिटिशांचं पेट्रोल तेव्हा चार गॅलनच्या, म्हणजे अठरा लिटरच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून यायचं. सैनिक त्याला 'फ्लिम्झी' म्हणत, मराठीत 'तकलादू' म्हणा. ट्रक दोन खड्ड्यांतून गेला की सांधे उसवायचे. जनरल ऑकिनलेकनी आपल्या अहवालात नोंदवलंय की तळापासून वापरणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत सुमारे तीस टक्के पेट्रोल या डब्यांपायी वाया जात होतं. वरच्या हिशेबात हे घाला. फोर्डच्या टाकीत १०३० लिटर पडावं म्हणून तळावरून सुमारे १४७० लिटर निघायला हवं. उरलेलं वाळूने प्यायलं.

जर्मनांकडे मात्र वीस लिटरचा दणकट कॅन होता, १९३७ पासूनचा. दोन अर्ध्या भागांचं वेल्डिंग, बाजूला नक्षीसारखे दाब, पत्रा फुगला-आकसला तरी फाटू नये म्हणून. नरसाळं नको, पाना नको, खटक्याचं झाकण. वर तीन मुठी: एकट्याने मधली धरायची, दोघांनी मिळून उचलायचा तर कडेच्या. रिकामे असतील तर एका हातात दोन. ब्रिटिश सैनिक जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून हा जेरीकॅन. आपल्या एमटीतला 'जरीकेन' तो हाच, आजही जवळपास तसाच.

या कॅनचा आपल्या देशाशीही एक धागा आहे. १९३९ मध्ये पॉल प्लाइस नावाचा बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन इंजिनिअर एका जर्मन सहकाऱ्याबरोबर मोटारीने हिंदुस्थानच्या सफरीला निघाला. पाण्याची सोय नव्हती, म्हणून सहकाऱ्याने टेम्पलहॉफ विमानतळाच्या कोठारातले तीन कॅन उचलून गाडीखाली बसवले. अकरा सीमा ओलांडून गाडी हिंदुस्थानात आली. जर्मनीने त्या सहकाऱ्याला अर्ध्या वाटेवरून परत बोलावलं, पण जाण्यापूर्वी त्याने कॅनची सगळी मापं प्लाइसच्या हाती दिली. प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोचला, गाडी तिथे ठेवून मायदेशी गेला आणि पुढे त्याने तो कॅन अमेरिकी युद्धखात्याला दाखवला. तिथे कुणी फारशी दाद दिली नाही. आधीच्या युद्धातले डबे चांगलेच आहेत, असा समज. एका बिनगळतीच्या डब्याने तीस टक्के पेट्रोल वाचतं, हे पटायला वाळवंटात पेट्रोल सांडावं लागलं.

आणि तेल नसेल तर? जानेवारी १९४१ मध्ये दोन गस्ती कैरोहून पार फेझानमधल्या मुरझुकवर छापा घालायला गेल्या. तेवढं पेट्रोल ट्रकांत मावणारच नव्हतं. चाडमधले फ्री फ्रेंच मदतीला आले. तिबेस्तीच्या डोंगरांतून त्यांनी रसद उंटांवरून आणून दिली. मोटारीचं पेट्रोल उंटाने वाहायचं! त्यांचे कर्नल दोर्नानो मुरझुकला कामी आले. सगळी मोहीम ४५ दिवसांची आणि साधारण ४५०० मैलांची झाली. परतीच्या वाटेवर ३१ जानेवारीला जेबेल शरीफपाशी इटालियनांनी एका गस्तीला गाठलं. ट्रक जळाले. ट्रूपर मूर आणि तिघे जण मागे राहिले. त्यांनी शरण न जाता जेमतेम पाण्यावर दक्षिणेकडे चालायला सुरुवात केली. दहा दिवस, सुमारे २१० मैल. एकाने जीव गमावला, तिघे वाचले. गाडी नसली की वाळवंट किती मोठं असतं, ते या चौघांना कळलं.

या तुकडीसोबत पुढे आपले जवानही होते. १९४१ च्या अखेरीस तिसऱ्या इंडियन मोटार ब्रिगेडच्या सेकंड लान्सर्स, इलेव्हन्थ कॅव्हलरी आणि एटीन्थ कॅव्हलरी या रिसाल्यांतून इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन उभी राहिली. घोडा सोडून मोटारीवर आलेले हे सवार. दाणा-पाणी बघून मजल ठरवायची, हे रिसाल्याला शिकवावं लागत नाही.

सेहेचाळीस वर्षांनी उत्तर चाडमध्ये हा धडा पुन्हा गिरवला गेला. १९८७ मध्ये चाडच्या सैन्याने लिबियाच्या चिलखती दळांना टोयोटाच्या पिकअप गाड्यांनी धूळ चारली. दोन जानेवारीला फादा, बावीस मार्चला वादी दूम. मागे रणगाडाविरोधी मिलान क्षेपणास्त्रं, समोर टी-५५ रणगाडे. चारचाकी ओढ याही गाड्यांना होती, पण त्या हलक्या होत्या. टी-५५ ला किलोमीटरमागे लिटर-दोन लिटर डिझेल लागतं, आणि त्याच्या मागे टँकरांची रांग लागते. पिकअपला पाठीमागे टाकलेली दोन बॅरल पुरतात. ज्याला टँकरची वाट बघायची नसते, तो हवा तिथून येतो. इतिहासात या लढाईला 'टोयोटा वॉर' असंच नाव पडलंय.

आपल्याकडे जबलपूरची जोंगा आली आणि गेली. तिचं पेट्रोल पिणं जुन्या लोकांच्या चांगलं लक्षात असेल! मग हलकी जिप्सी आली आणि तीस वर्षं टिकली. जिप्सीत बसायला सुख नव्हतं, पण तिला हलकेपणाचं वरदान होतं. २०२३ मध्ये नॉर्दर्न कमांडमध्ये टोयोटाची हायलक्स पिकअप दाखल झाली. गाड्या बदलतील, डिझेल येईल, आणखी काही येईल. हिशेब तोच राहील.

तरुण अफसरांना मी तीन गोष्टी सांगतो, आणि लडाखला पिकअप घेऊन निघणाऱ्या सिव्हिलियन मित्रांनाही त्याच. एक, केपीएल स्वतः काढा: टाकी काठोकाठ भरा, ज्या जमिनीवर आणि जेवढ्या वजनाने जायचंय तसंच शंभर किलोमीटर चालवा, पुन्हा काठोकाठ भरा. दोन, फोर बाय फोर रुतल्यावर बाहेर काढायला आहे, दिवसभर मिरवायला नाही. तीन, आकडा जाण्याचा काढू नका, येण्याचा काढा. नकाशावर जिथे तेल अर्धं होतं, तिथे तुमची मोहीम संपते. त्यापुढचं सगळं दुसऱ्याच्या उंटावर अवलंबून आहे.