साथ संपली, पण सगळ्यांची नाही

कोरोनाचा इतिहास सांगताना आपण लॉकडाऊन, ऑक्सिजनची टंचाई आणि पायी गावाकडे निघालेले मजूर आठवतो. ते आठवलेच पाहिजेत. पण दुसऱ्याने दिलेल्या मूत्रपिंडावर जगणारी माणसे या इतिहासात फारशी दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ही साथ वेगळी होती. ती का, हे समजून घ्यायला सत्तर वर्षे मागे जावे लागते.

२३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात डॉ. जोसेफ मरे यांच्या पथकाने रोनाल्ड हेरिक यांचे एक मूत्रपिंड त्यांचा भाऊ रिचर्ड याला बसवले. हे पहिले यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण. हे दोघे हुबेहूब जुळे होते, त्यामुळे रिचर्डच्या शरीराला भावाचा अवयव परका वाटला नाही. तो पुढे आठ वर्षे जगला. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

पण असा जुळा भाऊ किती जणांना असतो? बाकीच्यांचे शरीर नवा अवयव शत्रू समजून त्यावर हल्ला करते. त्यावर उपाय म्हणून १९६०च्या दशकात अझाथायोप्रिन आले, १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन आणि नंतर टॅक्रोलिमस. सायक्लोस्पोरिन नॉर्वेच्या मातीतल्या बुरशीतून मिळाले, तर टॅक्रोलिमस जपानच्या मातीतल्या जिवाणूतून. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली यशस्वी प्रत्यारोपण झाले. १९८८ मध्ये जेद्दाहच्या इस्लामी फिकह अकादमीने काही अटींवर अवयव प्रत्यारोपण जायज ठरवले. १९९४ मध्ये आपल्याकडे कायदाही झाला.

या सगळ्या प्रगतीच्या मुळाशी एक सौदा आहे. मूत्रपिंड टिकवायचे असेल तर शरीराची प्रतिकारशक्ती औषधांनी कायमची दाबून ठेवायची. म्हणजे घर वाचवण्यासाठी पहारेकऱ्याला गुंगीत ठेवायचे.

२०२० मध्ये या सौद्याची किंमत कळली. भारतातील १३ केंद्रांवरच्या २५० कोरोनाबाधित प्रत्यारोपित रुग्णांचा अभ्यास झाला. त्यांतले ११.६ टक्के दगावले आणि जवळजवळ निम्म्यांच्या मूत्रपिंडाला इजा झाली. डॉक्टरांपुढे पेच होता. औषधे कमी केली तर शरीर मूत्रपिंड नाकारणार, चालू ठेवली तर विषाणू बळावणार.

जे वाचले, त्यांचाही प्रश्न तिथे संपला नाही. इजा झालेले मूत्रपिंड दरवेळी पूर्ववत होत नाही. काहींच्या शरीरात विषाणू आठवडेच नव्हे, महिनोन्‌महिने रेंगाळला. थकवा आणि धाप अनेकांना दीर्घकाळ पुरली. लस आली तेव्हा सगळ्यांना हायसे वाटले. पण २०२१ मध्ये अमेरिकेत अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६५८ जणांची तपासणी झाली, तेव्हा दोन डोसनंतरही ४६ टक्क्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली नाहीत. जी औषधे मूत्रपिंड वाचवतात, तीच लसीचे काम अडवत होती. म्हणून अशा रुग्णांना जादा डोस द्यावे लागले.

माझ्या ओळखीतले एक गृहस्थ बहिणीने दिलेल्या मूत्रपिंडावर जगतात. २०२१ मध्ये त्यांना कोरोना झाला. त्यातून ते वाचले, पण वाढलेले क्रिएटिनिन पूर्वीच्या आकड्यावर आले नाही. जुम्याच्या नमाजला ते आजही मास्क लावून शेवटच्या सफेत, दाराजवळ उभे राहतात. कोणीतरी हसून विचारतोच, "भाईजान, अजून कोरोना?" ते उत्तर देत नाहीत. बहिणीने स्वतःच्या शरीरातला अवयव काढून दिला, तो जपणे ते आपले कर्तव्य मानतात.

आपल्याकडे आजाऱ्याची इयादत करणे सुन्नत आहे. पण सर्दी-खोकला असताना अशा माणसाच्या घरी न जाणे, फोनवर खुशाली विचारणे, हीसुद्धा इयादतच आहे. कोणाच्या तोंडावर मास्क दिसला तर त्याला हसू नये. अशा रुग्णांनी ताप आल्यास दुखणे अंगावर काढू नये, प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना लगेच कळवावे आणि गोळ्या आपल्या मनाने कधीही बंद करू नयेत.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण दाबलेल्या प्रतिकारशक्तीवर जगणाऱ्यांसाठी तशी कोणतीही तारीख आलेली नाही. त्यांचे बरेचसे संरक्षण अजूनही आपल्या वागण्यावर अवलंबून आहे.