नाथमाधवांची स्वराज्यमाला आणि मावळचीं खोरीं

लहानपणीं ज्या ग्रंथकारानें आपली झोंप उडविली त्याच्याकडे पन्नाशी उलटल्यावर पुनः वळणें हें थोडें धोक्याचेंच काम आहे. तेव्हांचा वाचक आतां उरलेला नसतो, आणि पुस्तक मात्र होतें तसेंच असतें. द्वारकानाथ माधव पितळे, म्हणजे महाराष्ट्राचे नाथमाधव, यांच्या शिवकालीन कादंबऱ्या आम्ही गेल्या पावसाळ्यांत पुनः वाचावयास घेतल्या त्या अशाच भीतीनें. गांवच्या वाचनालयांतील पुठ्ठ्याच्या बांधणीचे ते भाग एके काळीं आम्हीं पाळी लावून वाचले होते. पुढचा भाग दुसऱ्याच्या घरीं अडकला म्हणजे त्याच्या ओट्यावर जाऊन बसण्यासही आम्ही लाजत नसूं.

नाथमाधवांचा जन्म १८८२ चा आणि मृत्यु १९२८ चा. १९०५ च्या सुमारास शिकारीच्या नादानें हिंडत असतां ते सिंहगडावरून पडले व कमरेखालचें अंग कायमचें लुलें झालें. त्यानंतरच्या वीस-बावीस वर्षांत, चालतां न येणाऱ्या या मनुष्यानें 'प्रेमवेडा', 'वीरधवल', 'डॉक्टर' अशा कादंबऱ्या लिहिल्या, आणि शेवटच्या सात-आठ वर्षांत ज्या गडानें त्याला पाडलें त्या गडाच्या राजाची कथा भागामागून भाग अशी सांगितली. 'स्वराज्याचा श्रीगणेशा', 'स्वराज्याची स्थापना', 'स्वराज्याचा कारभार', 'स्वराज्यावरील संकट', आणि असेंच पुढें 'स्वराज्यांतील दुफळी' पर्यंत. घोड्यावर कधींच न बसूं शकणाऱ्या लेखकानें आमच्यासारख्या हजारों पोरांना घोड्यावर बसविलें, ही गोष्ट टीकाकारांनीं फारशी हिशेबांत धरलेली नाहीं.

या मालिकेच्या भक्तांत आज दोन तट आहेत. एका तटाचें म्हणणें असें कीं, जुन्या पुस्तकाला नव्या इतिहासाचे चिमटे काढूं नयेत. तें जसें आवडलें तसेंच आवडत ठेवावें. दुसऱ्या तटाचें म्हणणें, हा सगळा मराठी मुंडासें घातलेला रेनॉल्ड्स आहे. तींच वेषांतरें, तींच भुयारें, तीच ऐन वेळची सुटका. असले वाद आमच्याकडेच होतात असें नाहीं. १९३८ सालीं अमेरिकेंत सुपरमॅन नांवाचा आकाशांत उडणारा नायक चित्रमालिकेंत अवतरला, आणि अशा नायकांवर वर्षानुवर्षें लिहिणाऱ्या एकेका लेखकाच्या कारकिर्दीचा हिशेब तेथील वाचक आजही मोठ्या चवीनें मांडीत बसतात. दोष दाखवितांना त्यांचा आवाज सर्वांत चढतो, आणि तो चढतो याचें कारण त्यांचें प्रेमच असतें. आमचीही अवस्था तीच असल्यामुळें दुसऱ्या तटाचें बरेंचसें म्हणणें आम्हांस मान्य आहे, आणि तरीही त्या तटांत जाऊन बसवत नाहीं.

रेनॉल्ड्सचा आरोप घटकाभर बाजूस ठेवूं. हरिभाऊ आपट्यांचा 'उषःकाल' 'करमणूकी'तून १८९५ ते ९७ या काळांत येत होता. त्यालाही दर आठवड्यास वाचकाला अडकवून ठेवणें भागच होतें. पण हरिभाऊंना आपण इतिहासाचें एक पान सोडवीत आहोंत ही जाणीव असे. नाथमाधवांचा ओढा गोष्टीकडे. अर्थात् हरिभाऊ तरी निर्दोष कोठें आहेत? 'गड आला पण सिंह गेला' या त्यांच्या नांवानेंच आमच्या पिढ्यान् पिढ्यांची समजूत करून दिली कीं, तानाजी पडला म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला. तानाजी पडला १६७० च्या फेब्रुवारींत. आणि १६६३ सालच्या पत्रांतच गडाचें नांव सिंहगड असें आलेलें आहे. ही चूक आम्हीं स्वतः वर्गांत कित्येक वर्षें केली. एका विद्यार्थ्यानें ती दाखवून दिली तेव्हां आम्हांस त्याचा राग आला, हेंही येथें कबूल करून टाकतों.

भोर आणि वेल्हें या दोन तालुक्यांत हिंडतांना हा प्रश्न निराळाच होतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांचीं हीं खोरीं म्हणजे हिरडस मावळ, रोहिडखोरें, गुंजण मावळ, कानद खोरें. स्वराज्याचा आरंभ जेथें झाला ती भूमि हीच. तोरणा येथें, राजगड येथें, रोहिडा येथें, रायरेश्वराचें पठार येथें. तोरण्याच्या पायथ्याशीं चहाच्या टपरीवर एका वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस गडावर सांपडलेल्या धनाची व त्या धनावर उभ्या राहिलेल्या राजगडाची हकीगत इतक्या बारकाव्यानें सांगितली कीं, जणूं हंडे उचलावयास तेच होते. मूळ गोष्ट बखरींतली खरी. पण बारकावे कोणाचे, बखरकाराचे, कादंबरीकाराचे कीं त्यांचे स्वतःचे, हें त्यांनाही सांगतां आलें नसतें. कादंबरी खोऱ्यांतून शहरांत गेली, छापली गेली, आणि परत खोऱ्यांत येऊन परंपरा होऊन बसली! भुतोंड्याच्या येसाजी कंकाची हत्तीशीं झालेली झुंज, रायरेश्वरावरची शपथ, यांचेंही थोडेंबहुत असेंच आहे. शपथेचा मुख्य आधार म्हणजे दादाजी नरस प्रभूस १६४५ सालीं लिहिलेलें पत्र, आणि त्याच्या अस्सलपणाविषयीं संशोधकांत एकमत नाहीं.

गंमत अशी कीं, या कथांना तपासणारीं कागदपत्रेंही याच खोऱ्यांतून आलीं. भोर तालुक्यांतील कारी हें जेध्यांचें गांव. त्यांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या वृत्तांत प्रसिद्ध केली आणि शिवकालाच्या तिथींचा सगळा हिशेब नव्यानें मांडावा लागला. त्याच घराण्याचा करीना आम्ही कोणत्याही कादंबरीपेक्षां अधिक वेळां वाचला असेल. १६५९ च्या जूनमध्यें विजापुरचें फर्मान कान्होजी जेध्यास आलें कीं, अफझलखानास जाऊन मिळावें. कान्होजी पांच पुत्रांसह राजगडीं शिवाजीराजांकडे आला. राजांनीं त्याला विचारलें कीं, इतर देशमुख गेले तसे तुम्हीही कां जात नाहीं, वतनास मुकाल. तेव्हां कान्होजीनें हातीं पाणी घेऊन वतनावर सोडलें. या प्रसंगांत ना भुयार, ना वेषांतर. शेतकऱ्याचा पिढीजाद आधार तळहातावरच्या पाण्याबरोबर जातो, एवढेंच. यापुढें कोणत्या कादंबरीकारानें काय रचावें?

पण त्याच खोऱ्यांतला दुसरा देशमुख, उत्रोळीचा खंडोजी खोपडा, खानाकडे गेला. प्रतापगडच्या प्रकरणानंतर तो लपत राहिला आणि शेवटीं कान्होजीनेंच रदबदली करून त्याच्या जिवाचें अभय मिळविलें. जीव राहिला, मात्र राजांनीं त्याचा उजवा हात व डावा पाय तोडविला. लहानपणीं आम्हीं खोपड्याला फितूर म्हणून जी शिवी हांसडली ती आतां तितक्या सहज तोंडांतून निघत नाहीं. त्यानें केलें तें वाईटच केलें. पण त्याच्या दारीं बाराएक हजारांची आदिलशाही फौज येऊं घातली होती, आणि शिवाजी छत्रपति होणार हें त्या वर्षीं कोणासच ठाऊक नव्हतें. वीरकथेंत पुढचें ठाऊक असलेला लेखक मागचें न्यायासन मांडून बसतो. तेथें खोपड्याला वकील मिळत नाहीं, आणि खरें पाहतां कान्होजीलाही मिळत नाहीं. जो निवडणारच होता असें आपण धरून चालतों, त्याच्या निवडीची किंमत ती काय?

याहून मोठी उणीव आम्हांस १६६५ सालाची वाटते. मिर्झा राजा जयसिंगानें पुरंदरास वेढा घातला असतां एप्रिलच्या अखेरीस दाऊदखान कुरेशीस या खोऱ्यांत पाठविलें, आणि रोहिड्याच्या आसपासचीं सुमारें पन्नास गांवें जाळून उध्वस्त केलीं गेलीं. जूनमध्यें तह झाला, तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. राहिलेल्यांत राजगड व तोरणा हे होते. या सालाविषयीं आमच्या स्मरणांत काय उरलें आहे हें आम्हीं पुस्तक उघडण्यापूर्वीं स्वतःस विचारून पाहिलें. उरला होता तो मुरारबाजी, त्याची तलवार, दिलेरखानाचा बाण. पन्नास गांवांपैकीं एकही नाहीं. दोष सर्वस्वीं नाथमाधवांचा नव्हे. ज्या वाचकाला फक्त तलवारच पाहिजे होती त्याचाही तितकाच आहे, आणि तो वाचक आम्हीच होतों.

हें सगळें बोलून झाल्यावर एक गोष्ट मात्र आम्हांस या वाचनांत नव्यानें दिसली, आणि तिच्यामुळें आमचें मत पालटलें. मालिकेंतील नांवें ओळीनें लावून पाहावीं. श्रीगणेशा, स्थापना, कारभार, संकट, परिवर्तन, दुफळी. आणि प्रत्येकाच्या आरंभीं शब्द एकच, स्वराज्य. नायकाचें नांव मुखपृष्ठावर कोठेंही नाहीं. रणजित देसायांची १९६८ ची 'श्रीमान योगी' ही कादंबरी आपल्या नांवानेंच पुरुषाकडे बोट दाखविते, आणि पुढच्या वाचकांस तेंच वळण पडलें. नाथमाधवांनीं विषय मानला तो राज्याचा. तो काळही तसाच होता. टिळकांना जाऊन वर्ष-दोन वर्षें झालीं होतीं आणि स्वराज्य हा शब्द उच्चारतांना मनुष्य दोन्हीं बाजूंना पाहत असे. शिवाय त्यांनीं कारभारासाठीं एक सबंध भाग राखला, आणि राज्याभिषेकाच्या मंडपांत वाचकाला जेवूं घालून निरोप दिला नाहीं. दुफळीपर्यंत, म्हणजे जेथें पोरांचा उत्साह मावळतो तेथपर्यंत, त्यांनीं त्याला ओढीत नेलें. आम्हांस आठवतें कीं, तो शेवटचा भाग वाचनालयांत नेहमीं जागेवर सांपडे. त्याचीं पानें इतर भागांसारखीं चुरगळलेलीं नसत.

तेव्हां या कादंबऱ्या पुनः छापणाऱ्यांस आमची सूचना एवढीच आहे कीं, मजकुराला हात लावूं नये. आरंभीं चार मावळांचा एक चांगला नकाशा द्यावा. त्यांत कारी व उत्रोळी हीं दोन्हीं गांवें दाखवावीं. प्रत्येक भागाच्या शेवटीं, जेध्यांचे कागद काय म्हणतात आणि कादंबरी काय म्हणते, हें दोन-चार पानांत समोरासमोर मांडावें. वेल्हे तालुक्याचें नांव राजगड करण्यास २०२४ सालीं राज्याच्या मंत्रिमंडळानें मान्यता दिली. नकाशांत मात्र तळाच्या वेल्हें गांवाचें नांवही ठळक असावें. आमच्याजवळच्या 'दुफळी'च्या प्रतीचीं शेवटचीं सोळा पानें गेलेलीं आहेत. ज्यांच्याकडे तीं असतील त्यांनीं चार दिवस वाचावयास दिल्यास त्यांच्या ओट्यावर येऊन बसण्यास आम्ही अजूनही तयार आहों.