एका घराला किती ढोरं पुरतात? गवळाऊ गाय, बेरारी शेळी आणि घरच्या अन्नाचा हिशेब

महाल (नागपूर) : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महालात तान्हा पोळा भरतो. लेकरं लाकडी बैल सजवून आणतात, भोसल्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी बैल मिरवणुकीत निघतो. दुसऱ्या रघुजीराजांच्या काळापासून ही पद्धत आहे असं सांगतात. आदल्या दिवशी खेड्यात खऱ्या बैलांचा पोळा असतो. पण तिथं आता तोरणाखाली किती जोड्या उभ्या राहतात ते प्रत्येक गावाला माहीत आहे. आमच्या गावात लहानपणी रांग मारुतीच्या पारापासून पाण्याच्या टाकीपर्यंत जायची. आता ट्रॅक्टरलाच झूल घालतात.

नागपूर-वर्ध्याचा मूळ बैल म्हणजे गवळाऊ. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगराळ वाटेनं झपाट्यानं नेता यावं म्हणून ही चपळ जात तयार झाली, असं जुन्या पशुपैदाशीच्या पुस्तकांत लिहिलेलं आहे. म्हणजे भोसल्यांच्या राजधानीचा आणि या ढोराचा संबंध जुना आहे. हा लेख त्या इतिहासावर नाही. कोरडवाहू पाच-सात एकरवाल्याला घरचं दूध, अंडी, मटण आणि शेणखत बाहेरून न आणता मिळू शकते काय, आणि मिळायचं असेल तर स्थानिक जनावर पाळणारा माणूस टिकायला काय लागेल, याची ही माहिती आहे.

गवळाऊ ओळखायची कशी

गवळाऊचं मूळ क्षेत्र वर्धा आणि नागपूर जिल्हा, शिवाय लगतच्या मध्य प्रदेशात छिंदवाडा, शिवनीचा भाग. रंग पांढरा किंवा करडा. अंग उंच पण सडपातळ, तोंड लांबट आणि अरुंद, डोळे बदामी, शिंगं आखूड आणि बोथट. वर्धा जिल्ह्यात आर्वी, आष्टी आणि कारंजा (घाडगे) या तालुक्यांत नंदा गवळी समाजानं ही जात पिढ्यान्‌पिढ्या राखली. कारंजा तालुक्यातच हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी प्रक्षेत्र आहे. कर्नालची जी राष्ट्रीय संस्था देशातल्या जनावरांच्या जातींची नोंदणी करते, तिच्या यादीत गवळाऊ आहे. आपल्या विदर्भातली नागपुरी म्हैस, पूर्णाथडी म्हैस, गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी गाय आणि बेरारी शेळीही त्याच यादीत आहेत.

आता दुधाचं. गवळाऊ एका वेतात साधारण ६०० लिटर दूध देते, थोडं कमी-जास्त. फॅट ४.३ च्या आसपास. हे आकडे ऐकले की डेअरीचा माणूस हसतो. संकरित गाय तेवढं दोन महिन्यांत देते.

पण हिशेब कशाचा करतो आहो ते आधी ठरवा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार-सूचनेत माणशी रोज ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरलेलं आहे. पाच माणसांच्या घराला रोज दीड लिटर. वर्षाचे झाले ५४७ लिटर. म्हणजे एका गवळाऊचं एक वेत एका घराच्या वर्षाच्या गरजेइतकंच भरते. गाय वर्षभर दूध देत नाही, भाकड काळ येतो. म्हणून दोन गाई आलटून-पालटून विणाऱ्या ठेवल्या तर घरचं दूध तुटत नाही, आणि वरचं थोडं शेजारी विकता येते किंवा तूप कढवता येते. तिला सरकी ढेपेचं पोतं दर आठवड्याला लागत नाही. तुरीचं, हरभऱ्याचं, सोयाबीनचं कुटार, धुऱ्यावरचं गवत आणि मूठभर चुनी यावर ती निभते. नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. त्यात संकरित गाय धापा टाकते, ही पळसाखाली उभी राहून रवंथ करते.

दुधाचा धंदा करायचा असेल तर गवळाऊ तुमच्यासाठी नाही, हे सरळ सांगतो. धंदा वेगळा, घर वेगळं. गडबड अशी झाली की धंद्याच्या मोजपट्टीनं घरचं जनावर मोजलं, ते तोट्याचं ठरलं, विकलं. मग धंद्याचं जनावरही झेपलं नाही. आता शेतकऱ्याच्या घरी पिशवीचं दूध येते.

माझ्याही घरी हेच झालं. २०१४ साली कर्ज काढून दोन संकरित गाई आणल्या होत्या. एका संकलन केंद्रावर दूध घालायचो. फॅट कधी ३.२, कधी ३.८, सकाळचं एक आणि संध्याकाळचं दुसरं. काय लागलं ते मशीनच्या चिठ्ठीवर, आपण पाहायचं फक्त. दुसऱ्या उन्हाळ्यात एक गाय कासदाहानं गेली. दुसरी विकून कर्ज फेडलं. त्या दोन वर्षांत घरचं लेकरू चहापुरतंच दूध प्यालं, कारण उरलेला प्रत्येक लिटर हप्त्याला जात होता.

कडबा गेला तिथून सुरुवात झाली

जनावरं कमी होण्याचं एकच कारण ट्रॅक्टर नाही. विदर्भात ज्वारीचं क्षेत्र सोयाबीननं खाल्लं. ज्वारी म्हणजे माणसाला भाकर आणि ढोराला कडबा, एकाच पिकात दोघांची सोय. सोयाबीनचं कुटार होते पण ते कडब्याची बरोबरी करत नाही, आणि हार्वेस्टरनं काढलं तर वावरात पसरून जाते. दुसरं, गायकी मिळत नाही. पूर्वी सकाळी आखरावर गावची ढोरं जमायची आणि एक माणूस सगळी चारून आणायचा. त्याला घरटी धान्य मिळायचं. ते धान्य बंद झालं, गायकी नागपूरला कामाला गेला. तिसरं, चराई. बोर, पेंच, उमरेड-कऱ्हांडला या भागात राखीव जंगलामुळं चारायच्या जागा आवळल्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा हक्क आहे, पण तो गावानं सामूहिक दावा करून घ्यावा लागतो. ग्रामसभेत हा विषय येतच नाही.

आणि बैलांचं. ४ मार्च २०१५ पासून राज्यात गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. कायदा कोणाला पटो न पटो, छोट्या शेतकऱ्याच्या वहीत त्याचा अर्थ असा की म्हातारा बैल विकून नव्या जोडीत भर घालायची जुनी रीत संपली. म्हातारा बैल शेवटपर्यंत पोसायचा. ज्याला ते शक्य नाही तो बैल घेतच नाही. ठोकर लागली ती जोडी पाळणाऱ्यालाच.

शेळी आणि कोंबडी

म्हणून हातात खेळता पैसा आणि ताटात मटण यासाठी शेळी. बेरारी शेळी विदर्भाची, रंगानं तांबूस ते गडद तपकिरी, शिंगांपासून नाकपुड्यांकडं चेहऱ्यावर गडद पट्टा, कान लोंबते. पाच महिन्यांत विते, दोन वर्षांत तीन वेतं धरायला हरकत नाही, जुळी पिल्लं होतात. बोर, बाभूळ, सुबाभूळ असा झाडपाला तिचं खाणं. चार-पाच शेळ्या घरची म्हातारी माणसं सांभाळू शकतात.

मदतीच्या योजनांत इथं एक खोच आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात शेळीपालनाला ५० टक्के अनुदान आहे, पण सर्वांत लहान गट १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा. आमच्या भागात १०० शेळ्या पाळायला जागा किती लोकांकडं आहे? राज्याची १० शेळ्या व १ बोकड ही योजना जवळची आहे. तिच्यात सर्वसाधारण गटाला ५० आणि अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के अनुदान मिळते, अर्ज पशुसंवर्धन खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर होतो. मात्र २०२१ च्या शासन निर्णयात उस्मानाबादी आणि संगमनेरी शेळीला ८,००० रुपये धरले आणि इतर स्थानिक जातींना ६,०००. म्हणजे आपली बेरारी, जी आपल्याच उन्हात टिकते, तिची किंमत कागदावरच दोन हजारानं कमी. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन समितीत हा मुद्दा कोणीतरी मांडला पाहिजे.

अंड्यांचा हिशेब तर आणखी सोपा. जानेवारी २०२३ मध्ये पशुसंवर्धन खात्यानंच सांगितलं की राज्याला रोज सव्वादोन कोटींवर अंडी लागतात आणि तयार होतात एक ते सव्वा कोटी. बाकी तेलंगणा, कर्नाटक, तामिळनाडूतून येतात. गावरान कोंबडी वर्षाला ६०-७० अंडी देते. दहा कोंबड्या म्हणजे सहाशेच्या वर. पाच माणसांना प्रत्येकी आठवड्याला दोन अंडी धरली तर ५२० होतात. दाणे निवडताना पडलेलं, उकिरड्यावरचे किडे आणि रात्रीला बंद खुराडं, एवढ्यावर हे जमते. जास्त अंडी हवी असतील तर नागपूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात पिल्लांची चौकशी करा. मानमोडीची लस मात्र चुकवू नका. एकदा मानमोडी आली की चार दिवसांत खुराडं रिकामं होते.

विकणारा टिकला पाहिजे

घरापुरतं झाल्यावर जे उरते त्याला भाव मिळाला तरच माणूस जनावर ठेवते. इथं वर्ध्याचं उदाहरण जवळचं आहे. १९४१ साली गांधीजींच्या प्रेरणेनं तिथं गोसेवा संघ उभा राहिला, जमनालाल बजाजांनी शेवटच्या दिवसांत त्याच कामाला वाहून घेतलं. त्या परंपरेतलं वर्ध्याचं गोरस भांडार आजूबाजूच्या गावांतून गाईचं दूध घेते आणि त्याचा गोरसपाक पाहुण्यांना आवर्जून दिला जाते. दूध जवळच्या गावाचं, ग्राहक जवळच्या शहराचा, आणि मधे पशुपालकांची स्वतःची व्यवस्था. नागपूर एवढं मोठं शहर, पण महाल-इतवारीच्या ग्राहकाला आपलं दूध कुही-उमरेडहून आलं की कुठून, ते सांगता येत नाही.

दुधाच्या दरावर दूरच्या गोष्टींचाही परिणाम होते. दूध भुकटीचा भाव पडला की डेअऱ्या खरेदीदर उतरवतात, आणि चार लिटरवाल्यालाही तोच दर. म्हणून ४ नोव्हेंबर २०१९ ला भारत आरसेप व्यापार करारातून बाहेर राहिला ते आपल्या गोठ्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं होतं. करार झाला असता तर न्यूझीलंडच्या दुग्धजन्य मालाशी गाठ होती. २०२२ च्या ऑस्ट्रेलियासोबतच्या करारातही दुग्धजन्य पदार्थ बाहेर ठेवले. पुढचे करार होतील तेव्हा हीच ओळ वाचायची.

राज्यानं २०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागं आधी ५ आणि मग ७ रुपये अनुदान दिलं. ते ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या दुधाला, डेअरीत घालणाऱ्याला, बँक खात्यावर. घरोघरी रतीब घालणाऱ्याला आणि म्हशीवाल्याला त्यातलं काही आलं नाही. जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं पशुपालनाला कृषी समकक्ष दर्जा दिला. १०० पर्यंत दुधाळ जनावरं आणि ५०० पर्यंत शेळ्या-मेंढ्या त्यात बसतात, वीज शेतीच्या दरानं मिळायची आहे. गोठ्याचं वेगळं मीटर असेल त्यांनी महावितरणच्या कार्यालयात विचारावं.

कागदं आणि तारखा

सगळ्यात आधी कानातला बिल्ला. बारा अंकी क्रमांकाशिवाय आता सरकारी उपचार, बाजारातली विक्री आणि भरपाई या तिन्ही ठिकाणी अडते. २०२२ च्या लम्पीत दगावलेल्या गाईला ३०,०००, बैलाला २५,००० आणि वासराला १६,००० रुपये मिळाले, तेव्हा नोंद नसलेल्यांची किती धावपळ झाली ते आठवा.

वीज पडून किंवा पुरात जनावर गेलं तर २०२२ पासूनच्या दरांनुसार दुधाळ जनावराला ३७,५००, ओढकाम करणाऱ्याला ३२,०००, वासराला २०,०००, शेळीला ४,००० आणि कोंबडीला १०० रुपये आहेत. तलाठी आणि पशुवैद्यकाचा पंचनामा होईपर्यंत जनावर पुरू नका. वाघ-बिबट्यानं मारलं तर वनखात्याला ४८ तासांच्या आत कळवा, आणि धूड जागेवरून हलवू नका. गाय-बैल-म्हशीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० यांतली कमी रक्कम मिळते. चार हजारात गाभण शेळी कुठं मिळते ते मात्र दर ठरवणाऱ्यानं दाखवावं.

पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींना घटसर्प आणि फऱ्याची लस, शेळ्यांना आंत्रविषाराची. लाळ्या-खुरकूत आणि शेळ्यांच्या पीपीआरची मोहीम दवाखान्यात विचारून घ्या. डॉक्टर गावात नसेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करा, फिरता दवाखाना येते. वेळ लागते, पण येते.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. कृत्रिम रेतन करायला आलेल्या माणसाला आधी विचारा की नळीत कोणत्या जातीच्या वळूची मात्रा आहे. आपण विचारलं नाही तर जर्सी किंवा होल्स्टिनची भरते, आणि दोन पिढ्यांत गोठ्यातली गवळाऊ संपते. गवळाऊची मात्रा नसेल तर तालुका दवाखान्यात मागणी लिहून द्या. तोंडी मागणीची नोंद राहत नाही.

सध्या माझ्या कोठ्यात एक गवळाऊ, तिची कालवड आणि चार शेळ्या आहेत. गाय आता भाकड आहे, त्यामुळं दिवाळीपर्यंत दूध शेजारच्या घरून येते, अर्धा लिटर. कालवड व्याली की त्यांचं परत करायचं आहे.