संविधानदुरुस्तीसाठी घटकराज्यांचे अर्ज (अमेरिका)

अमेरिकेच्या संविधानातील पाचव्या अनुच्छेदानुसार दोन-तृतीयांश राज्यांच्या (आज ३४) विधिमंडळांनी अर्ज केल्यास काँग्रेसला दुरुस्त्या सुचवण्यासाठी परिषद बोलवावीच लागते. परिषदेने सुचवलेली दुरुस्ती अमलात येण्यासाठी तीन-चतुर्थांश राज्यांची (आज ३८) संमती लागते. अशी परिषद आजवर एकदाही भरलेली नाही.

ही तरतूद अगदी शेवटच्या घटकेला आली. १५ सप्टेंबर १७८७ रोजी, संविधानावर सह्या होण्याच्या दोनच दिवस आधी, फिलाडेल्फियाच्या संविधानसभेत व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन यांनी हरकत घेतली : केंद्रसत्ताच जुलमी झाली, तर दुरुस्तीची वाट तिच्याच हाती कशी ठेवायची? हा प्रश्न रास्त होता आणि सभेने तो मान्य केला. पुढच्याच वर्षी व्हर्जिनियाने पहिला अर्ज धाडला. पाठोपाठ न्यूयॉर्कचाही गेला. जून १७८९ मध्ये काँग्रेसचे सदस्य जेम्स मॅडिसन यांनी हक्कांच्या सनदेचा मसुदा मांडला, त्यामागे या अर्जांचा दाब होता.

या कलमाचे खरे बळ अशा दाबातच दिसते. सेनेटर थेट जनतेने निवडावेत, या मागणीचे अर्ज साचत गेले, तेव्हा काँग्रेसने १९१२ मध्ये स्वतःच दुरुस्ती सुचवली. १९१३ मध्ये ती सतरावी दुरुस्ती झाली. विधिमंडळांच्या मतदारसंघरचनेवरील अर्ज १९६९ पर्यंत ३३ राज्यांचे झाले, एकच कमी पडला. समतोल अंदाजपत्रकाची मागणी १९८३ पर्यंत ३२ राज्यांपर्यंत पोचली. पुढे काहींनी अर्ज मागे घेतले. दिलेला अर्ज मागे घेता येतो का, परिषदेला एकाच विषयापुरते बांधता येते का, याबाबत संविधान मौन पाळते.

भारतात मात्र अनुच्छेद ३६८ खाली राज्यांना काही दुरुस्त्यांना फक्त अनुसमर्थन देता येते. त्या सुचवण्याचा अधिकार संसदेकडेच आहे.