कागदाची पारख

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे काम चालू राहावे म्हणून धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. तेथील दप्तरांचा आम्हां खानदेशकरांस अभिमान आहे. त्यांबरोबर राजवाड्यांची शिस्तही आम्ही सांभाळली पाहिजे : कागदावाचून शब्द मानू नये आणि पारखल्यावाचून कागद मानू नये.

ही पारख त्याच कामातल्या माणसांनी करावयाची असते. हल्ली संशोधनाच्या नियतकालिकाकडे निबंध गेला की संपादक तो दोघातिघा जाणकारांकडे पाठवितो. ते दोष दाखवितात. लेखक दुरुस्ती करतो किंवा उत्तर देतो. मग संपादक निर्णय घेतो. लंडनच्या रॉयल सोसायटीत लेखी अभिप्रायांची ही रीत १८३२ च्या सुमारास पडली. आपल्याकडे हे काम सभेत होई. राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनी १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले. तेथे निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई.

शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचेच पाहा. बखरींवरून शके १५४९ ची वैशाख शुद्ध द्वितीया धरीत. लोकमान्य टिळकांनी मिळविलेली जेधे शकावली १९१६ साली मंडळाने छापली. तीत शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया निघाली. परंतु टिळकांचे नाव तेवढ्याने पुरेसे झाले नाही. वाद पुष्कळ झाला. पुढे ‘शिवभारत’ काव्यात तीच तिथी मिळाली, राजस्थानात कुंडली मिळाली, तेव्हा पारडे झुकले. आज शासकीय जयंती त्याच तिथीच्या तारखेस, १९ फेब्रुवारीस, होते.

आता परीक्षकाचे नाव बहुधा गुप्त असते. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. पुरावा समोर न मांडता दिलेला निकाल आम्ही मानीत नाही. तथापि मुकादमासमोर कामगाराची जीभ का अडते, हेही आम्ही पाहिले आहे. नवख्या अभ्यासकाला बड्या पंडिताचा दोष दाखवायचा, तर आडोसा हवाच. तेव्हा नाव झाकले तरी चालेल. कारणे मात्र लेखकापुढे उघडी पाहिजेत.

विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाली. चांगले नियतकालिक कोणते, हे आता जळगावच्या विद्यापीठासह सर्वांनी आपापले ठरवायचे आहे. यादीवर बोट ठेवण्यापेक्षा निबंध वाचणे कष्टाचे आहे. हे कष्ट परीक्षक बहुधा बिनमोलाने करतात. ते कोणी टाळले, तर खोटा कागद खऱ्याच्या भावाने खपेल आणि त्याची किंमत आमची मुले शाळेत मोजतील.