पर्मेथ्रिन विषबाधा, मांजरांतील
पिसवांवरील औषधातल्या पर्मेथ्रिन या पायरेथ्रॉइड कीटकनाशकामुळे मांजराला होणारी विषबाधा. मांजराच्या यकृतातील ग्लुकुरोनिडेशनची क्रिया क्षीण असल्याने हे द्रव्य शरीरातून सावकाश बाहेर पडते. कुत्र्याला सोसणारी मात्रा मांजराचा जीव घेऊ शकते. निदानात रक्ततपासणीपेक्षा नेमकी विचारपूस मोलाची: कोणते औषध, किती, केव्हा लावले, आणि घरातल्या कुत्र्याला लावले होते का, कारण त्याच्या अंगाशी अंग घासूनही बाधा होते. औषध चाटल्यावर नुसती लाळ गळणे बहुधा कडू चवीमुळे असते व लवकर थांबते. मात्र काही तासांत कान-चेहऱ्याचे स्नायू उडणे, थरकाप, झटके, अंग तापणे दिसल्यास विषबाधाच धरून चालावे. यावर विशिष्ट उतारा नाही. थरकाप औषधाने आटोक्यात आणून कोमट पाण्याने व सौम्य साबणाने अंग धुतात. वेळेत उपचार मिळाल्यास बहुतेक मांजरे वाचतात. औषधाचे वेष्टन पशुवैद्यकाला दाखवावे.